मॉडेमला लावलेला अंगारा

"अरे, रेडिओला मारू नकोस. कुठे काय सुरू झालं ते बघ."

हा माझ्या वडिलांचा आवाज आहे, मंडळी. वडील जाऊन किती वर्षं झाली, पण डोळे मिटले की तसाच ऐकू येतो — तंबाखूने जाडावलेला, सावकाश, प्रत्येक शब्द विड्याच्या पानासारखा पुसून ठेवलेला. संध्याकाळी आमच्या घरी रेडिओवर भजन लागायचं. भजन ऐन रंगात आलं की — खर्रर्रर्र. जणू देवाच्या घशात कुणी वाळू ओतली. मग मी उठायचो आणि रेडिओच्या डोक्यात एक ठेवून द्यायचो. चापट मारली की काहीतरी केल्यासारखं वाटतं ना! तेव्हा वडील म्हणायचे, "रेडिओला मारू नकोस. कुठे काय सुरू झालं ते बघ." आणि खिडकीतून पाहावं, तर समोरच्या पिठाच्या गिरणीची मोटर सुरू झालेली असायची. गिरणी थांबली की खरखर थांबायची. रेडिओ बिचारा फुकट मार खायचा.

आता प्रश्न ऐका, मंडळी. आजच्या आख्यानाचा हा एकच प्रश्न. घरात खरखर सुरू होते. ती कुठून येते, ते घरातल्या एका माणसाला ठाऊक असतं. आणि तरी ते माणूस गप्प बसतं. का? भीतीने? रागाने? का आणखी कशाने?

उत्तरासाठी आपण मोठ्या राजाकडे जाणार नाही. ऋषीकडे जाणार नाही. आज एका मूर्खाची कथा आहे. हा मूर्ख याच गावच्या कासार आळीत राहतो, डोक्याला पागोटं बांधतो, लोकांना उपदेश करतो, आणि सध्या तुमच्यासमोर उभा आहे. — हसा, हसा. आमचे पेटीवाले सदाशिवराव तर आधीच हसतायत. त्यांनी सगळं डोळ्यांनी पाहिलंय. सदाशिवराव, सूर धरा, दात मागाहून दाखवा.

तर ऐका.

मागे माझ्या घशाचं ऑपरेशन झालं, हे तुम्हाला माहीत आहे. डॉक्टर म्हणाले, मौन. कीर्तनकाराला मौन! माशाला सांगावं, जरा कोरडा राहा. बरं, मौन संपलं, घसा बरा झाला, पण गाणं काही परत येईना. सूर लावायला जावं तर आत कुणी दार लावून बसल्यासारखं वाटायचं. भिंतीवर मिरजेचा तंबोरा टांगलेला. त्याच्याकडे पाठ करून बसू लागलो. कीर्तनाची आमंत्रणं आली की म्हणायचो, पुढच्या वर्षी बघू. जेवताना बोलत नव्हतो. देवपूजासुद्धा मनातल्या मनात.

घरात आम्ही दोघंच. मी आणि माझी सून, हेमांगी. मुलगा शिरीष पुण्याला कारखान्यात, शनिवारी येतो, रविवारी जातो. खरं तर तीही पुण्यालाच राहायची. माझ्या ऑपरेशनसाठी म्हणून आली आणि राहिली. पुण्याच्या एका क्लासवाल्या कंपनीसाठी ती कॉम्प्युटरवरून मुलांना गणित शिकवते. मुलं शाळेतून आली की संध्याकाळी तिचा क्लास सुरू.

तर या सुनेने एक दिवस एक पेटी आणून माझ्यासमोर ठेवली. विजेचा तानपुरा. बटण दाबलं की चारही तारा आपोआप छेडल्या जातात. मी म्हटलं, "हे काय खेळणं?" ती म्हणाली, "बाबा, गाऊ नका. नुसतं ऐका. तो वाजेल, तुम्ही बसा."

बसलो. दुसऱ्या दिवशीही बसलो. आणि एका संध्याकाळी, दिवा लावल्यावर, घशातून आपणहून षड्ज निघाला. थरथरत, नुकत्या जन्मलेल्या वासरासारखा. पण निघाला, मंडळी. मी रडलो. आत तिचा क्लास चालू होता, तिला काही कळलं नाही, असं मला वाटलं. 

लक्षात ठेवा हं हे. "असं मला वाटलं." या आख्यानात मला पुष्कळ काही वाटणार आहे. त्यातलं एकही खरं ठरणार नाही.

पुढे त्या पेटीचा अडॅप्टर जळला. अडॅप्टर म्हणजे भिंतीतल्या विजेला पेटीच्या लायकीची करणारा तो काळा ठोकळा. आता शहाणा माणूस काय करेल? दुकानात जाईल, कंपनीचा मागेल. मी आठवड्याच्या बाजारात गेलो. एका हातगाडीवर चार्जर, कंगवे आणि उंदराचं औषध शेजारी शेजारी मांडलेलं. तिथून मी अडॅप्टर आणला आणि घरी येऊन सुनेला सांगितलं, "व्यवहार कसा करायचा ते आमच्या पिढीकडून शिका."

आणि त्यानंतर घरातलं इंटरनेट जाऊ लागलं.

सतत जात नव्हतं, मंडळी. सतत जाणारं बरं असतं, माणूस आशा सोडतो. हे जायचं आणि यायचं. दिवसभर उत्तम. संध्याकाळी हेमांगी शिकवायला बसली की अर्ध्या गणितात गायब. आमच्या आळीत अजून टेलिफोनची जुनी तांब्याची तारच आहे. ती खांबावरून येते, देव्हाऱ्यामागच्या भिंतीने खिळ्याखिळ्याने जाते, आणि मधल्या खोलीत मॉडेमला लागते. मॉडेम म्हणजे ती हिरवे दिवे लुकलुकणारी डबी. नेट गेलं की एक दिवा तांबडा व्हायचा.

हेमांगी बाहेर येऊन म्हणायची, "बाबा, नेट गेलं."

आता माझ्या गुरूंचा एक दंडक ऐका. सूर चालू असताना इकडचं तिकडचं बोलायचं नाही. बोलायचं असेल तर तंबोरा खाली ठेवायचा, मग तोंड उघडायचं. आणि दारी माणूस आलं, तर आधी सूर आवरायचा, मग 'या, बसा'. हा दंडक मी जन्मभर पाळला. त्यामुळे सून आली की मी आधी तानपुऱ्याचं बटण बंद करायचो आणि मग विचारायचो, "काय म्हणालीस?"

"नेट गेलं."

"जाऊ दे. येईल."

मग मी उठायचो. देव्हाऱ्यातला अंगारा बोटावर घ्यायचो आणि मॉडेमच्या कपाळी लावायचो. मॉडेमला कपाळ कुठे, असं विचारू नका. भक्ताला सापडतं. डोळे मिटून नाम घ्यायचो. आणि मंडळी, थोड्या वेळात — दिवा हिरवा!

रोज. दर वेळी. अंगारा लावला की दिवा हिरवा.

मला सांगा, तुम्ही काय समजला असता? मी तेच समजलो. गर्वाने छाती भरली. शेजारच्या कुंदाताई पाटणकरांचा टीव्ही दिसेना, तर मी आपणहून अंगारा घेऊन गेलो. टीव्ही नाही सुरू झाला. मी म्हटलं, "तुमची श्रद्धा कमी पडली." कुंदाताई म्हणाल्या, "श्रद्धा आहे हो बुवा, रिचार्ज संपलाय."

आणि चमत्कार करून मी परत देव्हाऱ्यासमोर बसायचो, बटण दाबायचो, सूर लावायचो. आत पुन्हा सगळं बंद. हेमांगी त्यानंतर बाहेर यायची नाही. मी समजायचो, क्लास छान चाललाय.

लाइनमन जगदाळे यायचे. भला माणूस. दारात सायकल लागली की मी तानपुरा बंद करायचो — दंडक! जगदाळे तार बघायचे, मीटर लावायचे, म्हणायचे, "बुवा, लाइन एकदम ओक्के हाय." चहा घ्यायचे, जायचे. ते कोपऱ्यावर वळले की मी रियाजाला बसायचो. पुन्हा तांबडा. पुन्हा तक्रार. त्यांनी तार बदलली, जोड बदलले, डबी बदलली. शेवटी खांबावरून खाली उतरून मला म्हणाले, "बुवा, मी आलो की ही लाइन कशी पोरगी दाखवायच्या कार्यक्रमातल्या नवऱ्यामुलासारखी वागती. आखडून बसती, एक दोष दिसू देत न्हाई. जवा बिघडती तवाच धरली पायजे."

मी गंभीरपणे मान हलवली. आतून मला वाटत होतं, बिचारा संसारी मनुष्य. याला दैवी कारणं काय कळणार?

मग एक दिवस. दुपारची वेळ. मी ओसरीवर वाती वळत होतो. हेमांगी आत फोनवर शिरीषशी बोलत होती. मला ऐकायचं नव्हतं, पण कानांना काही दरवाजे नसतात.

"आज मॅडम सरळ बोलल्या. मुलांचे आईवडील कंटाळलेत. या आठवड्यात सुधारलं नाही तर पुण्याच्या सेंटरवर येऊन शिकवा, नाहीतर सोडा म्हणाल्या... हो, येते मी. येते... बाबांचं? बाबांचं बघू काहीतरी. जेवणाचा डबा लावू... नाही. ते नाही सांगायचं त्यांना. नाही म्हटलं ना मी."

वात माझ्या बोटातच राहिली.

मंडळी, मी तुम्हाला या व्यासपीठावरून किती वेळा सांगितलंय — कुणी कुणाचं नसतं, एकटे आलो, एकटे जाणार. सांगितलंय ना? टाळ्या घेतल्यात त्यावर. त्या दुपारी मात्र माझ्या डोळ्यांसमोर एक डबा आला. स्टीलचा, कडी लावलेला, दारात ठेवलेला. आणि आत कुणी नाही. सगळं वैराग्य त्या डब्यात बुडालं.

आणि तेव्हा वडिलांचा आवाज आला. "मारू नकोस. कुठे काय सुरू झालं ते बघ."

कपाटातून जुना ट्रान्झिस्टर काढला. सेल घातले. तेव्हा गिरणी रेडिओत ऐकू यायची, तर आताही जे काही सुरू होतंय ते ऐकू येईल! दोन स्टेशनांच्या मधली मोकळी जागा धरून ठेवली. आणि संध्याकाळी नेहमीप्रमाणे दिवा लावला, तानपुरा सुरू केला, बसलो. वाट बघत.

हेमांगी आली. "बाबा, गेलं."

आणि पहिल्यांदाच, मंडळी, घाईघाईत मी गुरूंचा दंडक मोडला. तानपुरा तसाच चालू ठेवून ट्रान्झिस्टर उचलला आणि निघालो. खर्रर्रर्र! तीच खरखर, लहानपणीची. मला केवढा आनंद झाला. खाली सोवळं, वर उघडा, हातात रेडिओ धरलेला, असा मी कासार आळीतून निघालो. सदाशिवराव ओट्यावर होते. म्हणाले, "बुवा, मॅच आहे का?"

"शत्रू शोधतोय," मी म्हटलं.

आळीच्या टोकाला गेलो, खरखर बारीक. परत फिरलो, वाढली. माझं दार आणि कुंदाताईंचं दार, यांच्या मधे तर रेडिओ नुसता किंचाळायला लागला. माझ्या मनात निकाल लागला. माझ्या घरात काय आहे? देव आहेत. कुंदाताईंच्या घरात काय आहे? मिक्सर आहे.

"कुंदाताई, तुमच्या घरातून माझ्या घरावर उपद्रव चाललाय."

"चाळीस वर्षं तुमचं गाणं ऐकतेय भिंतीतून, आणि उपद्रव माझा?"

पण बाई मनाची मोठी. मिक्सर काढला, फ्रिज काढला, शेवटी मालिका ऐन लग्नाला आली असताना मेन स्विच खाली ओढला. घर अंधारलं. रेडिओ — खर्रर्रर्र. तसूभर कमी नाही.

कुंदाताई अंधारात कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "माझ्या नवरीचं लग्न लागलं तिकडे, आणि मी इथे तुमची खरखर ऐकतेय. आता तुमचा मेन काढा. का देवाला सूट आहे?"

आमच्या मागच्या बायका जात्यावर म्हणायच्या तसं काहीसं मला नंतर सुचलं. नंतर! शहाणपण मला नेहमी नंतर सुचतं. ऐका —

शोधिते मी बाई, शेजारणीच्या दारी,
हरवली माझी सुई, माझ्या पदराच्या किनारी.
पुसते मी बाई, आळीतल्या चौघींना,
टोचते ती मला, तरी मला कळेना.

तर मी माझा मेन ओढला. आणि रेडिओ गप्प. एवढा गप्प, की लांबच्या मारुतीची घंटा ऐकू आली. तानपुराही थांबला होता, मंडळी. कानांनी जन्मभर पोट भरलेला माणूस मी. माझ्या ते लक्षातही आलं नाही.

मेन लावला. खरखर आली, तानपुरा आला. हेमांगी मधल्या खोलीच्या दारात उभी होती. कुंदाताई, सदाशिवराव, आणखी दोघं-तिघं ओसरीवर. मी एकेक वस्तू काढू लागलो. फ्रिज. पंखा. मिक्सर. पाण्याची मोटर. ट्यूबलाइट. प्रत्येक वेळी रेडिओ कानाला. प्रत्येक वेळी खर्रर्रर्र.

"देव्हारा राहिला," कुंदाताई म्हणाल्या.

"तिथे नको. ते देवाचं आहे."

"वीज देवाची आहे का? बिल तर तुमच्या नावाने येतं."

त्यांनी माझ्या हातातून रेडिओ घेतला आणि देव्हाऱ्यापाशी नेला. आणि मंडळी, रेडिओने असा हंबरडा फोडला की माझ्या बाळकृष्णाच्याही हातातलं लोणी खाली पडावं. मी देव्हाऱ्यातला विजेचा छोटा दिवा काढला. काही फरक नाही. आता एकच प्लग उरला. काळा ठोकळा. देव्हाऱ्यामागच्या भिंतीवर, आणि त्याला अगदी खेटून गेलेली ती टेलिफोनची तार. तानपुरा शांतपणे सा-प-सा-प करत होता.

माझा हात थांबला. मी हेमांगीकडे पाहिलं.

ती माझ्याकडे बघत नव्हती. रेडिओकडेही नाही. ती त्या प्लगकडे बघत होती. आधीपासून. सगळे फ्रिजकडे बघत असतानाही ती तिकडेच बघत होती.

मी ठोकळा उपटला. खरखर संपली. थोड्या वेळात मधल्या खोलीत दिवा हिरवा झाला. अंगारा न लावता.

मग काय झालं ते विचारू नका. सदाशिवराव हसता हसता ओसरीवर खालीच बसले. कुंदाताई म्हणाल्या, "म्हणजे बुवा, इतके दिवस तुम्ही नेट घालवायचात आणि अंगारा लावून तुम्हीच परत आणायचात. असा धंदा आमच्या माहेरी एक मांत्रिक करायचा." चौकात मला अजून लोक 'मॉडेमबाबा' म्हणून हाक मारतात. मी ओ देतो. 

मी पेटी उचलली, फडक्यात गुंडाळू लागलो. म्हटलं, संपलं. तेवढ्यात हेमांगी पुढे आली. पेटी माझ्या हातातून घेतली, उलटी केली. खाली एक झाकण होतं. तिथे सेल घालायची जागा! पेटी घरात आल्यापासून ते झाकण कुणी उघडलंच नव्हतं. ट्रान्झिस्टरचे सेल काढून तिने त्यात घातले. बटण दाबलं. तानपुरा वाजू लागला. आणि मॉडेमचा दिवा? हिरवा. तसाच हिरवा. नतद्रष्ट होता तो बाजारातला ठोकळा. तानपुऱ्याचा काही दोष नव्हता.

आणि माझी सून, जी मुलांना अवघड अवघड गणितं सोडवून दाखवते, ती पेटी मांडीवर घेऊन मटकन खाली बसली. "सेलवर चालतो?" एवढंच म्हणाली. "हा सेलवर चालतो?"

ही गोष्ट इथे संपली असती, मंडळी. लाइन सुधारली. पुण्याचं जाणं टळलं. डबा दारात आला नाही. पण आपला मघाचा प्रश्न राहिला. तिला ठाऊक होतं. मग ती गप्प का बसली?

आता जरा माझ्याकडे नका बघू, स्वतःच्या घराकडे बघा. तुमच्याही घरात एक प्लग आहे. तो तुम्हीच आणलाय, स्वस्तात, आणि देव्हाऱ्यामागे लावलाय म्हणजे त्याला कुणी हात लावणार नाही. कुणाचा राग देव्हाऱ्यामागे आहे. कुणाची शिस्त. कुणाचं 'मी एवढं केलं तुमच्यासाठी'. तुम्ही बोलायला लागलात की पलीकडच्या खोलीत कुणाचं तरी बोलणं अर्धवट तुटतं. आणि त्या माणसाला बरोबर माहीत असतं, कशाने तुटतं. ते तुमच्या पुढ्यात येतं, म्हणतं, "बाबा, गेलं." तुम्ही अंगारा लावता. ते परत जातं. 

ते माणूस घाबरलंय असं समजू नका. फार वेळा ते तुम्हाला जपत असतं. तुम्ही काचेचे आहात असं त्याला वाटतं, आणि तसं वाटावं असं आपणच वागलेलो असतो. तोंड फिरवून बसणारे आपण. मनातल्या मनात पूजा करणारे आपण. आज घरी जा आणि विचारा. आणि विचाराल तेव्हा उत्तर ऐकेपर्यंत तिथेच बसा. सूर आवरा, मग विचारा. हा दंडक तेवढ्यासाठी फार चांगला आहे.

मी विचारलं. दुसऱ्या दिवशी सकाळी. ती भाजी निवडत होती. तिच्या परवानगीने सांगतोय हं हे. ती बसलीय तिकडे खांबापाशी, ओढणी तोंडावर घेऊन.

मी म्हटलं, "हेमांगी, तुला माहीत होतं."

ती गवारीच्या शिरा काढत राहिली. "हो."

"मग सांगितलं का नाहीस? मी त्या क्षणी गाणं बंद केलं असतं."

"म्हणूनच."

मी तिथेच बसलो. उठलो नाही. तिने गवार बाजूला ठेवली. म्हणाली, "पहिला सा लागला ना तुमचा, तेव्हा मी क्लासमधे मुलांना म्हटलं, एक मिनिट थांबा, आवाज बंद करते. आणि भिंतीला कान लावून उभी राहिले. मला वाटलं, आता परत बंद पडलं तर पुन्हा कधीच नाही लागायचा. पुढे नेट जायला लागलं, तर मी समजले, अडॅप्टर जळला तेव्हा पेटीच बिघडली; सांगितलं तर तुम्ही ती बंदच कराल. मग रोज नेट गेलं की करायचं काय? तुमचं गाणंच ऐकत बसायची."

"रोज?"

"रोज. एवढा नियमित तुमचा एक तरी श्रोता आहे का?"

तिने पुन्हा गवार पुढे ओढली. दोन शेंगा मोडल्या. तिसरी हातात धरून थांबली.

"बाबा, एक विचारू? आता सेलवर गाणारच आहात ना? काही झालं तरी थांबणार नाही ना?"

"नाही थांबणार."

"नक्की?"

"देवाशपथ."

"मग सांगते," ती म्हणाली. "तुमचा पंचम उतरतोय. पहिल्या दिवसापासून."